हाताला चटका बसत नव्हता

"डोळे मिटा, आणि मी कुठं टोचतोय ते बोटानं दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटले आणि ते टोचायला कधी सुरुवात करतात याची वाट बघत बसले. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "उघडा." माझ्या उजव्या करंगळीवर रक्ताचे तीन ठिपके होते.

"बाई, ही लेप्रसी आहे," ते टाचणी पुसत म्हणाले. "लोक महारोग म्हणतात तो. पण घाबरू नका. तुमचा ट्युबरक्युलॉइड प्रकार आहे, म्हणजे चट्ट्यांचा. तो दुसऱ्याला लागत नाही आणि औषधानं बरा होतो." यातला 'महारोग' एवढाच शब्द मी ऐकला. बाकीचं सगळं मला पुढे दोन-तीन गुरुवारी पुन्हा विचारावं लागलं.

माझे मालक पुलगावला जनपद सभेच्या शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, मीही तेच म्हणत असे. आम्हाला मूल नव्हतं. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि लग्नाची नणंद कमल.

आता सांगते ते ऐकून हसायचं तर हसा. ज्या हातात रोग शिरला होता, त्या हाताचं आमच्या घरी दोन वर्षं कौतुक चाललं होतं. मी चुलीतल्या निखाऱ्यापुढून भाकर चिमट्याशिवाय काढत असे. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवत. "पाय वं, आमची सून इस्तवातून भाकर हातानं काढते. हू नाई का चू नाई!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. बोटांना फोड आले की मी त्यांना तेल लावून पदराखाली झाकत असे, कौतुक कमी होऊ नये म्हणून. दंडावर एक फिकट चट्टा होता. त्याला सगळ्यांनी नायटा ठरवलं होतं. करंगळी वाकू लागली तेव्हा कुठं मास्तर मला पॅसेंजरनं वर्ध्याला घेऊन आले.

दवाखाना नालवाडीच्या बाजूला होता आणि दर गुरुवारी भरे. चिंचेखाली रांगेनं बसायचं. नवीन आलेला माणूस तोंड झाकून बसे, जुने विड्या ओढत गप्पा मारत. तिथं माझी स्किन स्मिअर झाली. यात कानाची पाळी चिमटीत धरून बारीक काप देतात आणि निघालेला रस काचेवर घेऊन जंतू बघतात. माझ्या काचेवर जंतू दिसले नाहीत. कोपरामागची नस मात्र दोरीसारखी जाड झाली होती. तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. ती गेली की करंगळीच्या बाजूची बोटं बधिर होतात. डॉक्टरांनी डीडीएसच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "दोन-तीन वर्षं न चुकता घ्या. घरी राहून घ्या. हात परत येणार नाही, पण रोग थांबेल."

घरी राहून! सासूबाईंनी मला ओसरीवरच थांबवलं. "तिकडंच राय बाई. बरी झाली की येजो." मास्तर मान खाली घालून माझी ट्रंक उचलायला गेले. मी दवाखान्याच्या आवारातल्या खोल्यांत राहू लागले आणि भटारखान्यात काम धरलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात चिमटा दिला आणि म्हणाले, "इथं हातानं भाकरी काढलेली दिसली, तर कामावरून काढीन."

मास्तर दर रविवारी येत. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी बसत. दुसऱ्या वर्षी समोर बसू लागले. तेव्हा सासूबाईंनी दुसरी सून शोधायला घेतली होती. आमच्याकडे हे काही आक्रीत नव्हतं. पहिली मागच्या खोलीत राही, दुसरी पुढच्या. मला तेही चाललं असतं, खोटं कशाला बोलू? पण नवा कायदा झाला होता. पहिली जिवंत असताना दुसरी केली तर गुन्हा.

मास्तर म्हणाले, "वकिलाले विचारलं. दुसरी आणली तं नौकरी जाते, वरून जेल. तुले सोडल्याबिगर काही होत नाई." हा कायदा बायकांच्या भल्यासाठी झाला असं पेपरात होतं. माझी मागची खोली मात्र त्यानं नेली.

सोडायचं म्हटलं तरी ते सोपं नव्हतं. बायकोला तीन वर्षं उग्र आणि असाध्य महारोग असेल, तर कोर्ट घटस्फोट देतं. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागे. तिसरं वर्ष संपलं तेव्हा मास्तर तो मागायला आले. डॉक्टरांनी माझ्यादेखत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "रोग असाध्य नव्हता, संसर्गजन्य नव्हता, आता थांबला आहे." मग मास्तरांकडे बघून म्हणाले, "तुमच्या बायकोला घरी घेऊन जा."

वकिलानंही हात वर केले. मी जिंकले होते. मी दाखला पदराच्या गाठीत बांधला आणि मास्तरांच्या मागोमाग पुलगावची गाडी पकडली.

मास्तरांनी ओसरीवर उभं राहून तो कागद शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. वर्गात धडा वाचावा तसा, अगदी स्वल्पविरामासकट. मला त्यांचा अभिमान वाटला. मी चुलीपाशी बसले, चिमट्यानं भाकरी काढल्या, वांग्याची भाजी केली, ताट वाढलं. मास्तर पाटावर बसले. भाकरीकडे बघत राहिले. मग ताट थोडं पुढं सरकवलं.

"आज पोट ठीक नाई," ते म्हणाले.

सासूबाईंनी गुपचूप वेगळी चूल मांडली. मी केलेल्या भाकरी दुपारी परसात पडलेल्या दिसल्या. चार दिवस मास्तरांचं पोट ठीक नव्हतं. पाचव्या दिवशी कमल माझ्याजवळ आली, पण दोन हात लांब उभी राहिली. "वैनी, मले पाहाले येतेत अन् तुही गोठ निघाली की उठून जातेत. मी काय करू सांग ना." ती रडत होती. तिच्यावर मला रागावताही येईना.

कायद्यानं मला त्या घरात ठेवलं असतं. पण माझ्या हातची भाकर खा, असं कोणतं कोर्ट कुणाला सांगेल?

आमच्या जातीत काडीमोड आहे. पंचांसमोर नवरा-बायकोनं काडीची दोन टोकं धरायची आणि मोडायची. नवा कायदाही ही जुनी रीत मानतो, असं वकील म्हणाला होता. फक्त बायकोचा होकार लागे. तो मी दिला.

पंच देवळाच्या पारावर बसले. एकानं तुरीची काडी पुढं केली. एक टोक मी धरलं, दुसरं मास्तरांनी. "मनात राग ठेवू नको," ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, तुमी एक घास खाल्ला असता तं मी मेल्यावरच निघाली असती तुमच्या घरातून." काडी मोडली. उजव्या हातात धरलेली, त्यामुळं मला ते कळलंच नाही. लोक उठू लागले तेव्हा मी खाली बघितलं, तर माझ्या बोटांत अर्धाच तुकडा होता.

या गोष्टीला चार वर्षं होतील. कमलचं लग्न झालं. मास्तरांनी दुसरी केली. रोग गेला, दाखला ट्रंकेत आहे, आणि मी याच भटारखान्यात आहे. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला बरं केलं. बरं होऊन जायचं कुठं, हे मात्र त्यांच्याही हातात नव्हतं.

बायांनो, तुमच्यासाठी हे लिहिलं. हाताला चटका बसत नसेल तर ते कौतुक घेऊ नका, दवाखान्यात या. लवकर आलात तर हात वाचेल. घर वाचेल असं मी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात कारंज्याकडची एक नवी बाई भाकर काढताना किंचाळली आणि हात पदरात धरून रडू लागली. बाकीच्या तिला हसल्या. मी तिचं बोट पाण्यात धरलं आणि म्हटलं, "रड बाई, मोठ्यानं रड."

ती विचारत होती, "पण तुमी काऊन रडून राह्यल्या?"