डोकेदुखीची पूड

जेजू बेटाच्या पूर्व काठावरच्या हेन्यो, म्हणजे दम कोंडून समुद्रतळाचे शिंपले काढणाऱ्या बायका, पाण्यात उतरण्याआधी दगडी आडोशातल्या शेकोटीपाशी बसतात, तिथे हजर नसलेल्या बाईची उणीदुणी काढतात, आणि डोकेदुखीची पूड जिभेवर टाकून वर घोटभर पाणी पितात. दम कोंडून जन्मभर बुड्या मारल्यावर डोकं ठणकायचंच. त्यांतलीच को इन्सुन लग्नाआधीपासून ती पूड खात आली होती. त्यामुळे रक्तातली साखर मोजायचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरने, दोयुनने, "आजी, औषध कुठलं चालू आहे?" असं विचारलं तेव्हा ती सरळ "नाही" म्हणाली. रोजच्या मिठाला कुणी औषध म्हणतं का?

गावात सगळ्यांत खोल जाणारी बाई म्हणून नव्या यंत्राच्या चाचणीसाठी कंपनीने तिलाच निवडलं होतं. दंडावर चिकटवायची एक पट्टी. तिच्या बारीकशा सुईला कार्बनच्या नळ्यांचा लेप, नळ्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. अंगातल्या पाण्यातली साखर सुईला भिडली की वीज उठते आणि त्या विजेवरून साखरेचा आकडा निघतो, असं दोयुनने सांगितलं.

"राणीसरकारांच्या दंडाला दागिना आला गं," ग्येजा म्हणाली. ग्येजा तिची बालमैत्रीण, बुडीला कायम जोडीने उतरणारी.

"तुझ्या दंडाला लावणार होते," इन्सुन म्हणाली, "पण मुंग्या लागतील म्हणाले."

बायका हसल्या. ते हसू महिनाभर पुरलं.

मग आकडे आले. घरी असताना साखर ठीक, पाण्यात उतरली की कडाडून वर. आरोग्य केंद्रात बोट टोचून रक्त पाहिलं तर तेही ठीक. पण मच्छीमार संघाच्या अध्यक्षाला, ह्यॉन साहेबाला, तेवढ्याने धीर येईना. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावची एक म्हातारी पाण्यातच गेली होती आणि उत्तरं देता देता तिथल्या अध्यक्षाच्या तोंडाला फेस आला होता. "ताई, तुमची साखर नेमकी पाण्यातच चढते," तो म्हणाला. "छडा लागेपर्यंत काठावर बसा."

काठावर बसा. जी बाई पोरांना पाजून पुन्हा लाटेत शिरली होती, तिला.

छडा दोयुननेच लावला. शेकोटीच्या राखेत त्याला कागदाची चिमुकली पुडी दिसली. त्याने ती उचलून वाचली. "आजी, ह्यात पॅरासिटामॉल आहे. हे तुम्ही घेता?"

"हे होय? हे तर रोजचंच."

त्याने तिला तिथेच पूड खायला लावली. बायका, ह्यॉन साहेब, सगळे मोबाइलकडे बघत बसले. इन्सुनने संत्रं सोललं तर खाऊ दिलं नाही. थोड्या वेळाने आकडा चढू लागला आणि चढतच गेला.

"सुईला साखर आणि ही पूड यांतला फरक कळत नाही," दोयुन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दोन्हीने वीज उठते. चूक आमची आहे. आजींना साखरबिखर काही नाही."

इन्सुनने तळाला नेणारा कमरेचा शिशाचा पट्टा हातात घेतला. झालं तर मग. चला पाण्यात.

"थांबा," ह्यॉन साहेब म्हणाला. "म्हणजे तुम्ही रोज औषध खाऊन बुडी मारता? उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, माहीत असून कसं सोडलंत."

"अहो, मी एकटी खाते का? विचारा की ह्यांना."

त्याने एकेकीकडे पाहिलं. बायका शेकोटीत बघत होत्या. एक पायमोजे ओढत होती, ते आधीच ओढलेले होते. हो म्हटलं असतं तर सगळ्या काठावर, हे प्रत्येकीला कळत होतं. इन्सुनलाही कळत होतं. तरी तिने ग्येजाकडे पाहिलं, कारण त्या दिवशीची पूड ग्येजाच्याच पिशवीतली होती.

"कसली पूड?" ग्येजा म्हणाली.

दोयुनने राखेकडे बोट केलं. तिथे तसल्या कितीतरी पुड्या होत्या, एकाच बाईच्या नव्हेत, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण ह्यॉन साहेबाला तेवढंच पाहायचं होतं जेवढ्याने गावाची बुडी चालू राहील आणि कागदावर एक नाव कापलं जाईल. इन्सुनने शिशाचा पट्टा खाली ठेवला. दुसऱ्यांची नावं सांगून पाण्यात जायचं तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं.

कंपनीने पुढे पट्टीच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलं, डोकेदुखीचं औषध घेणाऱ्यांनी वापरू नये. सुई शहाणी झाली नाही, माणसंच वगळली. दोयुनने दोनदा फोन करून माफी मागितली. पण बुडीला नेतात तो तरंगता भोपळा आणि शिंपल्यांचं जाळं माफीला बांधता येत नाही.

आता इन्सुन काठावर खायचं समुद्री शेवाळ वाळवते. पूड अजून खाते. डोक्याला काय कळतं, पाण्यात आहे की जमिनीवर.

वसंतात एका सकाळी ग्येजा काळा रबरी पोशाख चढवून तिच्यापाशी आली. बाकीच्या पुढे गेल्या होत्या.

"इन्सुन, एक पूड दे गं. माझी संपली, दुकान उघडलेलं नाही."

इन्सुन शेवाळ उलटत राहिली. "कसली पूड?"

ग्येजा खाली मान घालून खडकांवरून निघाली, एक हात कपाळाला लावून.

तिच्या पायाशी पुडी येऊन पडली.

"उचल," इन्सुन मागून म्हणाली. "खाली मेलीस तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडाल."