उजेडाकडे तोंड कर

ती गेली त्या सकाळी मी तिच्याशी बराच वेळ बोलत होतो. वळणावर पाववाला पोदेर आला होता, त्याच्याकडून गरम उंडे घेतले, पिशवी तिच्या शेजारी ठेवली आणि पाव दिवसेंदिवस कसा लहान होत चाललाय यावर माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. शालन दारापुढच्या बाल्कांवात, बसायच्या दगडी सोप्यावर खांबाला टेकून बसली होती, काळा चष्मा लावून. त्या चष्म्यामागे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कधीच कळत नसे. माझी भाषणं ती तशीही काही न बोलता ऐकायची. शेवटी मी चिडलो. "अगो, हूं तरी म्हण!"... मग मीच तिचा चष्मा काढला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. महिना होऊन गेला. मला रडू आलेलं नाही. लोक येतात, माझ्याकडे बघतात, मी त्यांना चहा विचारतो.

आमच्या मये गावात तिला सगळे चष्म्यावरूनच ओळखायचे. खरं म्हणजे चष्म्याचा माणूस मी. खाणीवरचा ट्रक चालवण्यात जन्म गेला, ऊन आणि लाल धूळ रोज तोंडावर, पण नाकावर गॉगल असे आणि डोळे शाबूत राहिले. ती अंगणात उघड्या डोळ्यांनी कोकमाची सोलं सुकवायची, काजूच्या बिया पसरायची. तिच्या उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढू लागलं. पहिल्या ऑपरेशनात ते नुसतं कापून काढलं. ऊन टाळा, असं सांगितलं होतं, पण ही चार दिवसांत पुन्हा अंगणात. "चष्मो लावन सोलां सुकवूक मी काय सिनेमातली नटी?" काही महिन्यांत मांस परत आलं, आधीपेक्षा जाड, आणि बुबुळावर चढायला लागलं. तेव्हा मात्र ती घाबरली. नजर गेली तर सुईत दोरा ओवायला नवऱ्याला हाक मारावी लागेल, हे तिला जास्त लागलं असावं.

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या वेळी नीट समजावलं. जागा उघडी ठेवली की मांस पुन्हा वाढतं. म्हणून वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून तिथे लावायचा, आणि वाढ दबावी म्हणून लावण्याआधी एक औषध थोडा वेळ तिथे धरायचं. शालनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कलम बांदतलास म्हणा."

कोरगावला तिचे वडील काजूची कलमं बांधायचे. नव्या कलमाला हात लावायचा नाही, त्यावर सावली धरायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक. डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी कलमच. चोळायचं नाही, उन्हात न्यायचं नाही. पहिलं वर्ष सांभाळा, धोका तेव्हाच जास्त." त्या दिवसापासून तिने डॉक्टरांचं ऐकलं असं मी म्हणणार नाही, तिने वडिलांचं ऐकलं. बाजारात, लग्नात, जत्रेत, सगळीकडे चष्मा. बायका चिडवायच्या, तर म्हणे, "कलम जगवतंय गो."

थेंब घालायचं काम माझं. थेंब पडला रे पडला की ही तोंड उघडायची! "तोंड मिट गो, थेंब डोळ्यात घालतंय मी." रोज तेच. वाढ रोखायचे थेंब कमी करत करत पुढे बंद झाले, पण सकाळची तपासणी बंद झाली नाही. मी हात धुऊन येई, म्हणे, "उजेडाकडे तोंड कर," आणि पापणी वर धरून लाल शीर दिसते का बघे. ती श्वास धरून विचारी, "इलां काय वो परत?" मी म्हणे, "ना गो, साफ आसा." मग ती श्वास सोडायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या डोळ्यात मी इतकं निरखून बघितलं ते या एकाच वर्षात.

त्या दिवशी शेजारच्या वैनी आणि बाकीच्या बायका तिला न्हाऊ घालायला आल्या. मी म्हणालो, थांबा जरा. हात धुऊन आलो. तिचा चेहरा खिडकीकडे वळवताना "उजेडाकडे तोंड कर गो" हे सवयीने तोंडातून गेलंच. पापणी वर केली. नाकाकडचा कोपरा पांढरा, स्वच्छ होता. कलम जगलं होतं. तिचं तोंड किंचित उघडं होतं, थेंब पडल्यावर उघडायची तसं. मी मोठ्याने म्हणालो, "साफ आसा." वैनी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मला काहीच झालं नाही.

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. वर्षाची तपासणी राहिली होती.

"मांस परत आलं का हो काका?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"नाही आलं."

"अरे वा! पण काकींना म्हणावं, चष्मा सोडू नका हं."

सांगतो, म्हणालो. फोन ठेवला, खिळ्यावरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि सोप्यावर तिच्या जागी ठेवला... तिथे सकाळी ऊन फार येतं.