माफीचं बटण

खडूचा नवा खोका आला तरी चौगुले आक्का तो आधी उलटा करून तळ बघायच्या. निपाणीच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, बोरगावहून रोज बसने यायच्या आणि माझ्यासकट कुणावरही पटकन विश्वास ठेवायच्या नाहीत.

मी संगणक शिकवतो. मूल्यशिक्षणाच्या तासासाठी मी एक गोष्टीचा गेम केला होता. त्यातल्या मुलीला बाईंच्या टेबलावर चाचणीची प्रश्नपत्रिका दिसते. वाचायची की नाही, विचारलं तर खरं सांगायचं की खोटं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. शेवटी 'माफी माग' असं बटण होतं. ते दाबलं की गेममधल्या बाई हसायच्या आणि एक तारा मिळायचा. मला त्या ताऱ्याचं फार कौतुक होतं.

आक्का मुलांच्यात येऊन बसल्या, गेममधली प्रश्नपत्रिका वाचली आणि बेधडक खोटं बोलल्या. "खोटं बोलल्यावर ह्यो काय करतोय ते बघाय नको?" मग बटण दाबून तारा घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, बटण दाबलं की माफी हुतीया व्हय?"

शेजारी बसलेल्या नववीतल्या सुप्रियानेही प्रश्नपत्रिका वाचून खोटंच निवडलं. आक्कांनी ते हेरून ठेवलं. पुढे खऱ्या चाचणीत सुप्रियाला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हा आक्कांचं डोकं फिरलं. "गेममधी वाचली, ती माझ्या टेबलावरची सोडंल व्हय?" तालुक्याच्या गणित स्पर्धेतून त्यांनी तिचं नाव काढायला लावलं. मी गप्प बसलो. खरं तर संशय मलाही आला होता, आणि त्याची आज लाज वाटते.

सुप्रिया रडली नाही. "बाई, गेममधी तुम्ही बी खोटं बोललासा की. मी काय चोर म्हटलं तुम्हास्नी?"

आक्कांनी फळ्यावर नवी गणितं घातली. पोरीने सगळी बरोबर सोडवली, पण स्पर्धेची यादी तोवर गेली होती.

आक्का जैन. पर्युषणानंतर क्षमावाणीला, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, दरवर्षी स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन हात जोडायच्या, आणि आम्ही चहा पीत मान डोलवायचो. त्या वर्षी त्या थेट नववीच्या वर्गात गेल्या. मी दारात होतो.

"सुप्रिया, तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. मला क्षमा कर."

"अजून न्हाय, बाई."

आता आक्का भडकणार, असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली. "व्हय. तपासून बघ मला. मग सांग."

त्यानंतर मी गेममधला तारा काढून टाकला. आता बटण दाबलं की गेममधल्या बाई कधी हसतात, कधी 'अजून नाही' म्हणतात. आक्कांनी तेही दोनदा तपासलं.

पुढच्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या. बोरगावच्या बसपर्यंत मी आणि सुप्रिया त्यांना सोडायला गेलो. त्या खिडकीशी बसल्यावर सुप्रिया खालूनच म्हणाली, "बाई, केली क्षमा."

आक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बस सुटतीया म्हणून न्हाय न्हवं?"

"न्हाय बाई. तपासून झालं."