भूकंपाच्या मशीनीपुढं फोडलेला नारळ

आमचे मालक, रेवणसिद्ध, रेणापूरजवळच्या माळावर भूकंपाची मशीन राखतात. एवढीशी खोली, आत खड्डा, खड्ड्यात डब्याएवढी मशीन. पण माणूस जीव टाकतो तिच्यावर! त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची बहीण लक्ष्मम्मा सासरी भिंतीखाली गेली. आदल्या दिशी तिला माहेरी आणायचं होतं, ह्यांनी कंटाळा केला. तवापासून एकच धोशा, "काहीतरी खूण झाली आसंल शरणम्मा, मलाच कळली न्हाई." मशीन आली अन् म्हणाले, आता कळंल.

खंडेनवमीला विळे, कुदळी, नांगर पुजून झाले. मग हे हळदकुंकू घेऊन निघाले मशीनकडं! मी म्हटलं, "अहो, मशीन बसवणाऱ्या मॅडमनी तिथं पाय बी वाजवू नका म्हटलंय."

"वर्षभर राबती, तिलाच वगळू व्हय?" म्हणत खड्ड्याच्या काठावर नारळ फोडला, चांगले तीन दणके देऊन.

दुसऱ्या दिशी नांदेडहून त्या मंजुश्री मॅडम हजर. "मामा, काल सव्वाअकराला इथं काय केलंत?" ह्यांनी नारळ सांगितला. मॅडमनी कपाळाला हात लावला. दूरच्या समुद्रात भूकंप झाला होता म्हणं. त्याची लाट जमिनीखाली दोन हजार किलोमीटर खोल जाऊन नेमकी त्याच मिनिटाला इथं पोचली, अन् नारळाच्या दणक्यात हरवली. गरम दगडातून लाट सावकाश येती, थंडातून लवकर. तो उशीर मोजून पृथ्वीच्या पोटातला दगड कुठं कसा हाय ते काढायचं, हे मॅडमचं काम.

माझं तर डोकंच फिरलं. एवढी लाट पायाखालून गेली अन् दावणीच्या म्हशीनं कान बी हलवला न्हाई?

मालक दुसऱ्याच घोळात. "मॅडम, नारळ कळतो, समुद्रातलं कळतं. मग इथं हलायच्या आधी ही सांगंल ना?"

"नाही मामा. झालेलं कळतं. होणारं कुणालाच सांगता येत नाही."

"त्र्याण्णवला ही आसती तर?"

"तरी आदल्या दिवशी काही कळलं नसतं. तुम्हाला काय, कुठल्या शास्त्रज्ञालाही नाही."

हे खड्ड्याच्या काठावर बसले. रडावं का सुटलो म्हणावं, त्यांनाच उमगंना. "म्हंजे लक्ष्मम्मा माझ्यामुळं गेली न्हाई?"

मॅडमला काय ठाऊक कोण लक्ष्मम्मा. त्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"न्हाई ओ," मी म्हटलं, "तुमच्यामुळं न्हाई." तीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच म्हटलं. खरं सांगू? आतून मला बी वाटायचं, हे तिला आणायला गेले आसते तर वाचली आसती.