लाल वायर कुठे आहे?

निवृत्त झाल्यावर मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौस म्हणून घरून रेडिओवर बोलण्याचा परवाना काढला आणि त्याच दिवसापासून स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागलो. त्याआधी चौतीस वर्षं विमा कचेरीत फायली सरकवल्या होत्या, हे सोयीस्कर विसरलो. रेडिओ सेट घरीच जोडायचा, असं ठरवलं. त्यासाठी करंट, व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर हवा. तो निवडायला मला पाच महिने लागले.

या पाच महिन्यांत माझे हॅमवाले मित्र सखारामभाऊ दर रविवारी मानपाड्याहून माझ्याकडे यायचे. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं विजेची पॅनेल तपासली. त्यांचा हॅमचा परवाना वीस वर्षं जुना. मीटर त्याहून जुना, काट्याचा, काचेला चीर गेलेला. करंट मोजून झाला की लाल वायर अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात खोचायची, मगच चहाला हात लावायचा, हा त्यांचा नेम; नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना शॉर्ट होतो.

“रवीभाऊ, माझा मीटर वापरा ना. सेट तर उभा राहू दे.”

“त्याच्यात ट्रू आरएमएस कुठेय?” मी विचारायचो. ट्रू आरएमएस म्हणजे काय, हे मला आजही धड सांगता येत नाही. पण तेवीस मीटरांचा तक्ता केला होता आणि त्यात तो रकाना होता.

मग एका रविवारी ते म्हणाले, “लेक वैशाली साताऱ्याला नेतेय मला, कायमचं. पुढच्या रविवारी निघतो. त्याच्या आत तुमचा सेट चालू करू. फोनवर आपल्या दोघांना दोन मिनिटांपुढे बोलता येत नाही. रेडिओवर तासभर बोलू.”

त्याच रात्री मी तक्त्यातला सगळ्यात महाग मीटर मागवला.

तो शनिवारी आला. मी ऐटीत सेटचा करंट मोजला आणि लाल वायर तिथेच ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलो. फट्! मीटरचा फ्यूज उडाला.

“अहो, पाच महिने याच्यासाठीच थांबला होतात का?” माझी बायको नीला आतून म्हणाली.

मी फोन केला तेव्हा सखारामभाऊंनी बांधलेलं सामान पुन्हा सोडलं आणि आपला मीटर घेऊन आले. दहा मिनिटांत त्यांना सेटमधलं एक कच्चं सोल्डर, म्हणजे धड न चिकटलेला जोड, सापडलं. ते मला हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. “फ्यूज मिळेपर्यंत ठेवा,” म्हणत मीटर टेबलावर ठेवून गेले.

मंगळवारी सकाळी सेट लावला. बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं, पाच महिने वाया घालवले ते घालवलेच. तेवढ्यात साताऱ्याहून त्यांचा आवाज आला. दोघांच्या कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची रेडिओची नावं, सांगून झाल्या.

“ऐकू येतंय, रवीभाऊ. लाल वायर कुठे आहे? ओव्हर.”

मी त्यांच्या मीटरकडे बघितलं. आदल्या दिवशी मी करंट मोजला होता. वायर अँपिअरच्या भोकात होती.

“व्होल्टला आहे, भाऊ,” मी म्हणालो आणि दुसऱ्या हाताने ती काढून जागेवर खोचली. ‘ओव्हर’ म्हणायचं राहूनच गेलं.