जित्या हायत म्हणून सांगितलं होतं

माझं तोंड फाटकं, असं गावात लहानथोर म्हणतात. म्हणू दे. पण मयतीची बातमी कळवायची आमच्याकडं जी रीत हाय, तिचं नाव काढलं की माझ्या तोंडात शिवी येते. माणूस गेलेलं असतं, आणि परगावच्या लेकराला फोन करून सांगतात, सीरियस हाय, लवकर ये. वाटंत त्याला काही होऊ नये म्हणून म्हणं. सांगणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्यालाही माहीत, तरी दोघं तसंच बोलतात.

बजरंग माझा शेजारी, आमची भिंतीला भिंत. गाव आमचं निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या तोंडाशी. त्याच्याकडं ट्रॅक्टर आणि हळद शिजवायचा कुकर. आमच्या भागात हळद कुठली? ती पिकते तिकडं नांदेडकडं. म्हणून शिवरात्रीच्या आसपास चार माणसं संगं घेऊन तो निघायचा, आणि अर्धापूर, मुदखेड, भोकर करत उन्हाळा चढेपर्यंत फिरायचा. आज ह्याच्या वावरात ताडपत्री बांधली, उद्या त्याच्या. तीन दगडांची चूल आणि ट्रॉलीखाली झोप. परत यायचा तवा हात कोपरापर्यंत पिवळे. मी म्हणायची, काय रं, दरसाल नवं लगीन करून येतोस का? तो हसायचा आणि उज्वला, त्याची बायको, पदर तोंडाला लावायची.

त्याचा आईवर लई जीव. दिवस मावळला की केवळाबाईला फोन यायचाच. आज कुठं उतरलाव, पाणी कसं हाय, भाजी काय केली, सगळं तिला सांगायचा. ती फोन तोंडासमोर धरून अशी ओरडायची की मला भिंतीपलीकडं ऐकू यायचं. भोकर कुण्या दिशेला हाय हे तिला ठाऊक न्हवतं, पण कुण्या गावचं पाणी मचूळ हे तोंडपाठ. तोंड बघून बोलायचा मोठा फोन त्यानं घेतला होता एकदा. कुकरच्या वाफेनं तो बाद झाला, तवापासून त्याच्याजवळ बटणाचाच.

पाच-सहा वर्षांखाली त्याचा बाप, किशनराव, गेला. तवाही हा तिकडंच. चुलत्यानं रीतीप्रमाणं कळवलं, सीरियस हायत. आणि ह्यानं ते खरं मानलं! जीप करून निघाला. लातूरला मोठ्या दवाखान्यात नेऊ, मी पोचतोच, असं वाटभर फोनवर सांगत राहिला, आणि इकडून सगळे हाव हाव म्हणत राहिले. गावात शिरला तर दारात तिरडी बांधून तयार. त्या दिवशी तो रडला कमी आणि चिडला जास्त. मला म्हणाला, काकू, तुमी सगळ्यांनी मिळून मला येडं केलं. काय खोटं होतं त्यात?

यंदा बजरंग तिकडं हळदीवर असताना केवळाबाईला पहाटं न्हाणीतच झटका आला. एक अंग गेलं, वाचा गेली. निलंग्याला नेलं, तिथं डॉक्टर म्हणाले की आता हातात काही न्हाई, घरी न्या, लेकराबाळांना बोलवा. घरी आणून निजवली. डोळे तेवढे फिरायचे, ते दाराकडं.

उज्वलानं सकाळीच बजरंगला फोन लावला तवा मी जवळच बसले होते. ती म्हणाली, "आत्याबाई लई सीरियस हायत. तुमची वाट बघायलेत, निघा." तिकडून, निघतो, एवढंच. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, जित्या हायत हो, खरंच जित्या हायत. शेवटी म्हणाली, "त्यांच्या कानाला फोन लावते, दोन शब्द बोला."

"राहू दे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन बंदच.

मला असा राग आला! एरवी आई आई करतो आणि आता दोन शब्द जड झाले व्हय, असं मी तिथंच बडबडले. बायका म्हणाल्या, जीव लेकात अडकलाय. उज्वला चमच्यानं पाणी पाजायला गेली तर म्हातारीनं ओठ मिटून घेतले. ती लेकाच्या हातच्या पाण्यासाठी थांबली होती, हे सांगायला कुणी शहाणं लागत न्हवतं. दुपार अशीच गेली. रस्त्यावर गाडी वाजली की तिची नजर दारात, गाडी पुढं गेली की पुन्हा डोळे मिटलेले. बघवत न्हवतं मला. उन्हं कलल्यावर ती दाराकडं बघायची थांबली. मी म्हणलं, उज्वला, घाल आता तूच. तिनं घातलं. थोडं आत गेलं, बाकीचं गालावरून खाली आलं. आणि म्हातारी गेली.

बायकांनी अजून तिला खाली घेतलं न्हवतं, तेवढ्यात दारात जीप थांबली. बजरंग उतरला, मागून त्याची मुदखेडला दिलेली बहीण जगदेवी आणि तिची लेकरं. बजरंगच्या काखेत पांढऱ्या कापडाचं गुंडाळं आणि हातात हार. मला कळंना, आत्ता तर गेली, ह्याला कापड आणायला कुणी सांगितलं?

तो आईजवळ बसला, तिचा हात हातात घेतला आणि दचकून माझ्याकडं बघितलं. "काकू, हात गरम हाय."

"असणारच," मी म्हणलं. "आत्ता गेली रं. दिवसभर तुझी वाट बघितली तिनं."

जगदेवीनं हंबरडा फोडला. तिच्या रडण्यातूनच सगळं कळलं. आई गेलीच, असं धरून हा निघाला होता. ह्या वक्ताला मला कुणी फसवायचं न्हाई म्हणून फोन बंद केला. कुकरमधली हळद उतरवून घेतली, माणसांना काम सांगितलं. मुदखेडला बहिणीची लेकरं शाळेतून यायची वाट बघत बसला. नांदेडात दुकान शोधून कापड घेतलं. आता पळापळ करून काय उपयोग, असं बहिणीला त्यानंच समजावलं होतं, तिचाही फोन बंद करायला लावला होता. सरळ आला असता तर उन्हं कलायच्या आत पोचला असता.

उज्वला पायथ्याशी बसली होती. रागानं न्हाई, हळूच म्हणाली, "मी कितीदा म्हणलं तुमाला, जित्या हायत म्हणून."

बजरंगनं तिच्याकडं बघितलं. "मला वाटलं," तो म्हणाला, "मेलेल्या आईच्या कानाला फोन लावायलीस."

जगदेवीनं त्याच्या काखेतलं कापड काढून घेतलं.