‘जमत नाय’ म्हणणारे भाऊ

जमत नसेल तर तसं तोंडावर सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यातले भाऊ. शिकले मुंबईला, पण बोलणं शेवटपर्यंत त्यांच्या पाम गावचंच. लग्नाची पत्रिका हातात घेतल्या घेतल्या सांगत, “मी येनार नाय. उगाच वाट बघू नका.” लोक तोंड वाकडं करायचे. मला आपलं बरं वाटायचं. निदान त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवावं लागत नसे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रंग शिजवायचं एक मोठं भांडं होतं, त्यावर माझा नवरा ऑपरेटर. भांडं किती तापवायचं ते एक जुना कॉम्प्युटर ठरवायचा, आणि तो हल्ली सारखा मान टाकू लागला होता. सुटे भाग मिळेनात. त्यातला प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. तेव्हा भाऊंनी जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारा एक नवा प्रोग्राम लिहायला घेतला, म्हणजे जुन्या प्रोग्रामला वाटावं आपण आपल्याच घरात आहोत. मी त्यांच्या हाताखाली होते.

जुना प्रोग्राम सुरू होताना हजार गोष्टी मागायचा. प्रिंटर दे, घंटा दे, तापमान वाचणारं कार्ड दे. भाऊ एकेकाचं सोंग बनवत. जे बनलं नसेल ते मागितलं, की आमचं सगळं जागच्या जागी थांबे आणि पडद्यावर येई: ‘हे माझ्याकडे नाही.’ मी एकदा म्हटलं, भाऊ, जरा गोड भाषेत तरी लिहा. म्हणाले, “गोड लिवलं तर कोन वाचनार?”

आणि नेमके त्याच आठवड्यात शेठ चाचणी बघायला आले. तापमानाचं कार्ड अजून बनलं नव्हतं. बटण दाबलं, पडद्यावर तेच वाक्य. मॅनेजर घामाघूम.

“अहो भाऊ, तेवढं सोडून पुढे जायला सांगा ना त्याला. आजच्या दिवस चालू दे.”

“सोडून दिलं तर त्याला तापमान शून्य दिसंल. त्याला वाटंल भांडं थंड हाय. मग तो तापवीतच बसंल.”

“तुम्ही फार ताणता.”

“भांड्याजवळ मानूस उभा असतो, सायेब. जमत नाय.”

त्या दिवशी तिथे कोण उभा होता, ते मला माहीत होतं. शेठनी पडद्यावरचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “कार्ड होईपर्यंत भांडं बंद ठेवा.” मी खुर्चीत बसले ती मला कुणीतरी पाणी दिल्यावरच उठले.

संध्याकाळी नवरा कुरकुरत घरी आला. “तुमच्या भाऊंपायी दिवसभर माशा मारल्या.” मी त्याला बोंबलाचं कालवण वाढलं, आणखी वाढलं, आणि तो खाताना नुसती बघत बसले. त्याने विचारलं, आज काय आहे. मी म्हटलं, काही नाही, जेव.

मागच्या वर्षी भाऊ गेले. आम्ही पामला पोचलो तेव्हा निघायची तयारी झाली होती. खांदा द्यायला माझा नवरा पुढे झाला. गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना चढायला कुरकुरतो, पण स्मशानापर्यंत त्याने कुणाला खांदा बदलू दिला नाही. भाऊंसाठी मी पोटभर रडले, आणि त्याला चालताना बघत राहिले.